आजीच्या खोलीचं दार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त आहे फोनवर मिळालेल्या सल्ल्यांचं. सासूबाईंना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं ही बातमी नातेवाईकांत पसरली, आणि दर दोन दिवसांनी कुणाचा तरी फोन येतोय. चौकशी होते, काळजी व्यक्त होते, आणि मग शेवटी आवाज जरा खाली आणून एक वाक्य येतं: "अगं, पोराला त्या खोलीत जाऊ देऊ नका बरं का. दाराला वरची कडी लावून घ्या."

सल्ला प्रेमाचा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मला तो पटत नाही. का पटत नाही हे प्रत्येकाला फोनवर सांगायला माझ्याकडे वेळ नाही आणि तेवढा दमही नाही :-) म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहून टाकते. फोन करणारे बहुतेक जण हे वाचतातच.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी घरची परिस्थिती. सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, निम्मं आयुष्य वाईजवळच्या गावी चुलीपुढे गेलं. विडी-सिगारेट कधी हातात धरली नाही, पण फुप्फुसांनी धूर मात्र भरपूर खाल्ला. सीओपीडी नावाचा आजार फक्त सिगारेट ओढणाऱ्यांना होतो असं अनेकांना वाटतं. तसं नाही, चुलीचा धूर हेही त्याचं मोठं कारण आहे. आता दिवसाचे किमान १५ तास नाकाला नळी हवी असं डॉक्टरांनी सांगितलंय. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मधुमेह आणि रक्तदाब. आणि आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे. त्यांना कुठलाच आजार नाही, फक्त हात आहेत.

आता या घरात काय काय आहे ते मोजू. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, त्याची लांबलचक नळी, वीज गेली तर म्हणून एक सिलिंडर, नेब्युलायझर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, रक्तदाबाचं मशीन, ग्लुकोमीटर, बोट टोचायच्या सुया, इन्सुलिनचं पेन, त्याच्या वेगळ्या सुया, कानाचं यंत्र, त्याचे सेल, दोघांचे गोळ्यांचे डबे, आणि पाठ वर-खाली करता येणारी कॉट. माझ्या आजीच्या काळात घरात एक थर्मामीटर, एक शेकायची रबरी पिशवी आणि अमृतांजनची बाटली, एवढाच दवाखाना असायचा. आता निम्मं हॉस्पिटल घरी आलंय. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर ज्यांनी कधी नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही कॉन्सन्ट्रेटर घेतले, आणि त्यातले कित्येक अजून माळ्यावर नाहीतर सोफ्यामागे पडून असतील. यात वाईट काही नाही. आई हॉस्पिटलात नाहीत, स्वतःच्या खोलीत आहेत, खिडकीतून पारिजातक दिसतोय, हे या यंत्रांमुळेच शक्य झालंय.

पण हॉस्पिटलात एक गोष्ट असते जी घरात नसते. तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. घरात मूल तिथेच राहतं.

मशीन घरी आलं त्या दिवशीची गोष्ट सांगते. पुरवठादाराचा माणूस आला, वायर जोडली, चकती कुठे फिरवायची ते दाखवलं, फिल्टर धुवायचा कसा ते सांगितलं, सही घेतली आणि गेला. चिरंजीव सगळा वेळ त्याच्या पायाशी उभे होते. तरी त्या माणसाने, किंवा त्याआधी हॉस्पिटलातून सुट्टी देताना कुणीही, "घरात लहान मूल आहे का?" एवढा एक प्रश्न विचारला नाही. खरं तर हा प्रश्न कागदावर छापलेला असायला हवा. ऍलर्जी आहे का विचारतात ना, तसाच. उत्तर 'हो' आलं की पाच मिनिटं जास्त बोलायचं, बस. त्यासाठी ना पैसा लागतो ना नवं यंत्र.

आता लहान मुलाच्या बाजूने बघू. अडीच वर्षांच्या पोराला ती खोली म्हणजे काय वाटत असेल? एक मोठं खोकं सतत गुरगुरतंय. त्यावर हिरवा दिवा. पुढे पाण्याची बाटली, तिच्यात अखंड बुडबुडे. एक फिरवायची चकती, आणि काचेच्या नळीत वर-खाली होणारा छोटा गोळा. खोक्यातून निघालेली पारदर्शक दोरी थेट आजीच्या नाकापर्यंत. खेळण्यांच्या दुकानातही इतकं आकर्षक काही नसतं हो! याला आपण 'मस्ती' म्हणतो. पण त्याचं जे चाललंय ते संशोधन आहे. त्या वयात बघायचं म्हणजे हात लावायचा, आणि नीट बघायचं म्हणजे तोंडात घालायचं. 'हात लावू नकोस' हे वाक्य मीही दिवसातून तीसदा म्हणते, पण ते सुरक्षेचं साधन आहे असं मी मानत नाही. त्या वाक्यातून पोराला फक्त एवढंच कळतं, की ही वस्तू फार महत्त्वाची आहे. :-)

म्हणूनच बंद दारावर माझा विश्वास नाही. दार दिवसातून वीस वेळा उघडणार: जेवण न्यायला, वाफारा द्यायला, बाथरूमला न्यायला. आणि ज्या खोलीत जायला बंदी आहे, तिथे पोर नेमकं कुणाचं लक्ष नसताना शिरणार. आतल्या वस्तू त्याच्या ओळखीच्या नसणार, आणि जागच्या जागी ठेवायची सवय आपल्यालाही नसणार, कारण "दार बंदच असतं की". सगळा भरवसा एका कडीवर. त्यापेक्षा दार उघडं ठेवून आतली खोली त्याच्यासाठी तयार करावी, असं माझं मत आहे.

ते कसं, तर आम्ही सगळ्या सामानाचे तीन गट पाडले. पोराचा जीव घेऊ शकतात त्या वस्तू. पोर ज्यांना बिघडवू शकतं, आणि ज्यांवर आजीचा श्वास अवलंबून आहे, त्या वस्तू. आणि ज्यांना हात लावला तरी चालतो त्या. सगळ्यांना एकच 'नको' लावलं तर त्या 'नको'ची किंमतच राहत नाही.

पहिला गट. यात माझ्या यादीत सगळ्यात वर आहे बटणासारखा चपटा सेल. बऱ्याच ग्लुकोमीटरमध्ये तो असतो, वजनकाट्यात असतो, छोट्या रिमोटमध्ये असतो. नाण्याएवढा २० मिलिमीटरचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. सेल फुटून आतलं काही बाहेर येतं म्हणून नाही. ओलाव्यातून करंट वाहतो आणि सेलच्या एका बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं जाळणारं द्रव्य तयार होतं. म्हणूनच यंत्र चालेनासं झालं म्हणून काढून ठेवलेला 'संपलेला' सेलही तितकाच वाईट. मशीन चालवण्याइतका जोर त्यात नसेल, पण जाळण्याइतका असतो. कानाच्या यंत्राचे सेल आणखी छोटे, ते मुलं नाकात नाहीतर कानात घालतात, आणि तिथेही तीच गत. अमेरिकेत दीड वर्षाची एक मुलगी रिमोटमधला असा सेल गिळून गेली, आणि त्यानंतर २०२२ साली तिथे कायदा झाला, की अशा वस्तूंच्या सेलचं झाकण मुलाला सहज उघडता येणार नाही असंच हवं. आपल्या घरातल्या जुन्या यंत्रांची झाकणं मात्र नखाने उघडतात. आम्ही प्रत्येक यंत्र उलटं करून पाहिलं. ज्याला स्क्रू आहे ते ठीक. ज्याला नाही त्याच्या झाकणावर जाड चिकटपट्टी, आणि तरीही ते कुलपातच.

दुसऱ्या नंबरवर गोळ्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठ्यांची 'साधी' गोळी मुलाच्या बाबतीत साधी नसते. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची किंवा अम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची एखाद-दोन गोळीही अडीच वर्षांच्या मुलाला गंभीर करू शकते. त्यात मधुमेहाच्या गोळीने साखर काही तासांनी कोसळू शकते, म्हणजे पोर खेळतंय, हसतंय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. आपल्याकडे बहुतेक गोळ्या पट्टीत येतात, ती फोडायला थोडे कष्ट पडतात, हे एक बरं. पण मग आपणच त्या फोडून सोम-मंगळ-बुध लिहिलेल्या डब्यात भरतो. तो डबा उघडायला इतका सोपा, की चिरंजीव सहज उघडतील. रंगीत कप्पे, आत रंगीत गोळ्या. वरून आपण कडू औषध पाजताना सांगतो, "हे बघ, चॉकलेट आहे!" हे बंद करा म्हणून मी घरात जाहीर केलंय. औषध म्हणजे औषध. खाऊ म्हणजे खाऊ.

मग सुया. बोट टोचायची सुई छोटीशी असते म्हणून आपण ती कापसात गुंडाळून टाकून देतो. इन्सुलिनच्या पेनची सुई तर जेमतेम ४ मिलिमीटरची, आणि पेनची चकती फिरवली की टकटक असा गोड आवाज येतो... पोराला आणखी काय हवं! सुई दर वेळी काढून टाकायची हे अण्णांना डॉक्टरांनी सांगितलंच होतं. टाकायची कुठे, हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बरणी घेतली, तिच्यावर लाल पट्टी चिकटवली, आणि तीही कुलपात. भरली की झाकण टेपने बंद करून वेगळी, सांगून द्यायची. कारण हा प्रश्न फक्त आमच्या पोराचा नाही. आपल्या घरातून निघालेली पिशवी कुणीतरी हाताने उघडून निवडतं. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायका २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करतायत, त्या हातांना आपली सुई टोचते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर आणि सेल यांना 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळं काढायला सांगितलं होतं. किती घरांत ते पोचलं, ते आपापल्या डस्टबिनमध्ये बघावं.

घरात कुणाला कॅन्सरच्या वेदनांसाठी फेंटानिलचा पॅच लावत असतील तर तोही याच गटात. काढून टाकलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, आणि मुलाला तो स्टिकर वाटतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल लोकांना खास सावध केलं होतं, कारण मुलं दगावली होती. चिकट बाजू आत करून दुमडायचा, आणि पुढे कुठे द्यायचा हे नर्सला विचारून घ्यायचं.

आता दुसरा गट, म्हणजे पोरापासून जपायच्या वस्तू. कॉन्सन्ट्रेटरबद्दल थोडं सांगते, कारण फोनवर बरेच जण विचारतात "तो सिलिंडर फुटतो का गं?" कॉन्सन्ट्रेटर म्हणजे सिलिंडर नव्हे. तो खोलीतलीच हवा घेतो. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातला झिओलाइट नावाचा पदार्थ नायट्रोजन अडवतो आणि पुढे ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन नळीत जातो. त्यात साठवलेलं काही नसतं. भीती कशाची, तर पोर चकती फिरवेल याची. आणि इथे एक गैरसमज आहे, की ऑक्सिजन जास्त मिळाला तर काय बिघडलं? बिघडतं. आईंसारख्या रुग्णांत ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ टक्क्यांतच ठेवायला सांगतात. त्याहून खूप जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि माणूस गुंगीत जाऊ शकतो. म्हणजे चकती कमी झाली तरी वाईट, जास्त झाली तरी वाईट. आम्ही मशीन अशा कोनात ठेवलंय, की चकती आईंच्या बाजूला येते आणि पुढे त्यांची खुर्ची. भिंतीला आणि पडद्याला मात्र चिकटवलेलं नाही, त्याला हवा लागते. प्लग कपाटामागच्या बोर्डात. नळी जमिनीवरून नागमोडी न नेता भिंतीच्या कडेने क्लिपा मारून नेलीय, कारण लांब नळी मुलाच्या पायात येते तशी गळ्यातही येऊ शकते. जास्तीची नळी वेटोळं करून उंच हुकावर. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला बांधलेला. कॉटचं हँडल वापरून झालं की आत दुमडलेलं. आणि कॉट वर-खाली करण्याआधी जो कुणी करणार त्याने खाली वाकून बघायचं, बोटं कुठे आहेत ते.

आणि आग. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण दुसरं काही पेटलं तर ते भडकवतो. अंथरूण, कपडे, केस यांत तो काही वेळ भरून राहतो. म्हणून नळी गादीवर तशीच टाकून मशीन चालू ठेवायचं नाही. उघडी ज्योत निदान १० फूट लांब: निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, गॅस, सगळंच. आमचा देव्हारा आईंच्या खोलीत होता, तो बाहेर हलवला. आईंना ते जड गेलं, खोटं कशाला सांगू. पन्नास वर्षं रोज सांजवात लावलेली बाई. आता संध्याकाळी त्या आपल्या जागेवरून हात जोडतात आणि चिरंजीव बाहेर घंटा बडवतात. कुणीतरी सुचवलं, की खोलीत बॅटरीवरची पणती ठेवा. कल्पना छान, पण त्या पणत्यांच्या बुडाशी बघा काय असतं ते. बहुतेकींच्या आत तोच चपटा सेल! ज्योत गेली, सेल आला. म्हणून घेण्याआधी उलटून बघायचं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, ज्यावर "कुलूप लावा" म्हणणारे थांबून विचार करत नाहीत. आजारी माणसाला वस्तू चटकन मिळायला हवी. अण्णांची साखर रात्री अचानक उतरली, आईंना धाप लागली, तर किल्ली कुठे शोधत बसणार? मुलाला न उघडणारा डबा संधिवाताच्या बोटांनाही उघडत नाही. अमेरिकेत १९७० पासून औषधांना मुलांना उघडायला कठीण अशी झाकणं लावायचा कायदा आहे. ती झाकणं म्हाताऱ्या माणसांना उघडत नाहीत म्हणून लोक सरळ काढूनच ठेवायला लागले. शेवटी १९९५ मध्ये चाचणी बदलली, आणि ५० ते ७० वयाच्या माणसांना ती उघडता येतात का हेही तपासायला लागले. गंमत म्हणजे त्या चाचणीत, उघडून दाखवल्यानंतर शंभरातल्या वीस मुलांना झाकण उघडलं तरी ते पास! म्हणजे जगातलं भलं-भलं झाकणही फक्त वेळ मिळवून देतं. मुलाला थांबवणारं झाकण अजून कुणी बनवलेलं नाही.

यावर आमचा तोडगा असा. ज्या गोष्टीने पोराला काही होत नाही ती खुशाल हाताशी. अण्णांची ग्लुकोजची पुडी आणि गोळ्या-बिस्किटं उशाशी असतात. पोराने खाल्ली तर दात किडतील, इतकंच. तातडीच्या पण धोक्याच्या गोष्टी, म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी आणि पंप, खांद्याच्या उंचीवर भिंतीला लावलेल्या छोट्या पेटीत. तिला किल्ली नाही, दोन बाजूंनी एकदम दाबायची खिटी आहे. दोघांनाही अंधारात ती उघडता येते का हे दिवे बंद करून पाहिलं. रोजच्या गोळ्या, सुया, सेल, ग्लुकोमीटर यांना मात्र खरंखुरं कुलूप, कारण त्यांची वेळ ठरलेली असते. ते कपाट सकाळी सात आणि रात्री आठला उघडतं. हे उत्तर परिपूर्ण नाही. खांद्याची उंची आजची आहे, वर्षभरात चिरंजीव स्टूल ओढायला शिकतील. तेव्हा पेटी आणखी वर जाईल. दर वाढदिवसाला घर पुन्हा गुडघ्यावर बसून बघायचं, असं मी ठरवलंय.

तिसरा गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळे विसरतात. पोराला हात लावायला काहीतरी द्यायला हवं. स्टेथोस्कोप त्याचा आहे. रक्तदाबाच्या जुन्या मशीनचा फुगा, नळी काढून, त्याचा आहे. नेब्युलायझरचा जुना मास्क, इलॅस्टिक कापून टाकून, त्याच्या अस्वलाला दिलाय. आईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचं काम आमच्या देखत तो करतो, आणि आकडा वाचता येत नसला तरी "नव्वद!" असं ओरडतो. बुडबुडे बघायला त्याला आम्हीच उचलून घेतो. "बुडबुडे येतायत, म्हणजे आजीला हवा मिळतेय. ते बंद झाले तर काय करायचं?" "आईला हाक माअरायची!" नळीला तो 'आजीची नदी' म्हणतो आणि ती उड्या मारून ओलांडतो, पाय देत नाही. हे बंद दाराने शिकवलं नसतं.

यावरून कुणी असं समजू नका, की शिकवलं की झालं. अडीच वर्षांच्या मुलाच्या समजुतीवर मी आईंचा श्वास सोपवणार नाही. पहिल्या दोन गटांचं काम कुलपाने आणि मांडणीने होतं, शिकवण्याने नाही. शिकवणं हे वरचं आहे, त्याने भीती जाते आणि लपूनछपून करायची गरज उरत नाही.

आणखी एक. काही झालं तर "आजी तिथेच होत्या ना?" हे वाक्य आपल्याकडे फार पटकन येतं. चार पावलं चालल्यावर धाप लागणाऱ्या बाईने पोरामागे धावावं अशी अपेक्षाच चूक आहे. आईंना सगळ्यात जास्त भीती तीच वाटत होती. मशीन आलं त्या आठवड्यात त्या स्वतःच म्हणाल्या, "त्याला नका पाठवू माझ्याकडे, मला नाही झेपायचं." त्यांना नातू नको नव्हता, दोष नको होता. म्हणून घरात ठरलंय: खोली सुरक्षित ठेवणं हे मी, नवरा आणि अण्णा यांचं काम. आईंचं काम फक्त गोष्ट सांगणं. तीही हल्ली थांबत थांबत, अर्ध्या वाक्यावर श्वास घेत सांगतात. चिरंजीव वाट बघतात. एरवी कशाचीच वाट न बघणारा प्राणी आहे तो.

एवढं करूनही काही झालंच तर काय, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल, एक्सरे. लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. सुरुवातीला ती नसतातही. उलटी करवायची नाही. एक वर्षावरच्या मुलाला, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, असं आता सांगतात. मधाने इजा थोडी कमी होते. पण मध आणायला थांबायचं नाही. गोळी खाल्ली असेल तरी तेच: मिठाचं पाणी नाही, घशात बोटं नाहीत. उरलेली पट्टी बरोबर घ्यायची, किती गोळ्या कमी आहेत ते मोजायचं आणि निघायचं. म्हणूनच पट्टी कात्रीने कापून नाव उडवू नका. महाराष्ट्रात ऍम्ब्युलन्ससाठी १०८. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेबद्दल माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र १९९५ पासून आहे, त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर केरसुणी फिरवू नका आणि व्हॅक्यूम क्लीनरही नको. पोराला बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा, जाड कागदाने थेंब गोळा करून बरणीत बंद करा. खरं तर तो फुटायची वाट तरी कशाला बघायची?

आता शेवटी, दिवाळीला येणाऱ्यांनो, तुमच्यासाठी. आत्या, काका, सगळ्यांनीच वाचा. आमच्या घरातलं औषध कुलपात आहे, तुमचं तुमच्या पर्समध्ये आहे. ती पर्स आल्या आल्या पलंगावर टाकायची नाही, माझ्याकडे द्यायची. मी ती कपाटावर ठेवीन. फुलबाज्या खाली अंगणात. खोलीत येताना खिशात काड्यापेटी-लायटर नको. ओठांना व्हॅसलीन लावून द्यायला जाऊ नका, नळीजवळ तेलकट काही चालत नाही. मशीनला 'शंभरची नोट' काढणारं खोकं म्हणून पोराला फसवू नका. (काका, हे तुमच्यासाठी!)

आणि दाराला कडी लावा म्हणून सांगू नका. दार उघडं आहे. आत या, आईंशी बोला, त्यांना बरं वाटतं. नदी तेवढी उडी मारून ओलांडा.